एकराचा भाव विचारू नकोस

अगं छोटे, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नुकतीच दाराला कडी लावून टेकले होते. तू एका दमात सांगून मोकळी झालीस. डाळ मिलसाठी बघितलेली जागा पांढरकवड्याच्या अलीकडे आहे, रोडटच आहे, तीस गुंठे आहे, दलाल ओळखीचा आहे आणि परवा इसार द्यायचा आहे. मग जरा थांबून हळूच विचारलंस, "ताई, एकराचा हा भाव बरोबर आहे का गं?" मी "सकाळी बोलू" म्हणाले खरी, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून आज चहाचा कप घेऊन निवांत बसले आहे. तूही बस. इसार आठ दिवस थांबेल. थांबणार नसेल, तर ती जागा आपली नव्हतीच असं समज.

तुला माहीत आहे, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून लोकांची विक्रीपत्रं लिहायला लागून मला बावीस वर्षं झाली. एकाच दिवशी एकाच टेबलापुढे पेढे वाटणारेही बघितले आणि डोळ्यांना पदर लावणाऱ्याही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. एकराचा भाव असं काही नसतंच. भाव असतो रस्त्याचा, तुकड्याच्या आकाराचा आणि कागदाचा. माती बिचारी या तिघांच्या मागे उभी असते.

दलालानं तुला बुटीबोरीचं उदाहरण दिलं ना? "तिकडे भाव कुठच्या कुठं गेला, ताई, इकडे अजून मातीमोल आहे." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. बुटीबोरीला नागपूर शेजारी आहे, मोठी एमआयडीसी आहे. तिथला भाव तिथल्या कारखान्यांनी वर नेला. तो महामार्गावरून चालत चालत पांढरकवड्याला येईल, असं का वाटावं? रस्ता एकच असला म्हणून नशीब एक नसतं. लांबचं सोड, आपल्याच जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत एकर चार प्रकारचा आहे.

वणीकडचं बघ. तिकडे शेत विकायला काढलं की पहिला प्रश्न येतो, खाणीच्या पट्ट्यात येतं का? कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. त्यामुळे तिथं दोन एकर आणि पावणेदोन एकर यांच्यात पाव एकराचं अंतर नसतं, एका घराच्या पगाराचं असतं. तुकड्याचा आकार भाव कसा फिरवतो, ते वणीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण तो भाव कोळशाचा आहे. तो ऐकून कुणी तुला कापसाच्या वावराचा आकडा सांगितला, तर हसून सोडून दे.

पुसद-उमरखेडकडे भाव पाण्याचा. पूस धरण, पैनगंगेवरचं इसापूर धरण, त्याखाली ऊस आणि केळी. तिकडचा शेतकरी बागायत सहसा सोडत नाही, आणि सोडली तर तिच्या पिकाचा हिशेब लावून सोडतो. यवतमाळ शहराभोवती भाव नगरपरिषदेच्या हद्दीचा आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीचा. आणि चौथा भाव महामार्गाचा. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, आणि ३६१ वर कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव. तिथं शेताला शेत म्हणून कुणी बघत नाही, दर्शनी बाजू किती फूट एवढंच विचारतात.

भरीला आता येऊ घातलेल्या गोष्टींचा भाव. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला आणि त्यानंतर पुढच्या गावांतले दलाल स्टेशन कुठे येणार ते बोट ठेवून दाखवायला लागले. शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर म्हणून तो जाहीर झाला आणि मोबाईलमोबाईलवर लाल रेघेचे नकाशे फिरू लागले. छोटे, नकाशावरच्या रेघेला पैसे देऊ नकोस. रेघ सरकते आणि पैसे तिथंच राहतात. वर हेही आहे की रेघ जर खरंच तुझ्या जागेवरून गेली, तर जागा रस्त्यालगत येत नाही, रस्त्यात जाते.

आता तुझ्या तीस गुंठ्यांकडे येते. तू म्हणालीस, मालकाचं एकूण एक एकर आहे, त्यातले तीस गुंठे तो देतोय, दहा स्वतःला ठेवतोय. मी अंथरुणात उठून बसले ती हे ऐकून.

आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. पूर्वी त्यातलं प्रमाणभूत क्षेत्र जिल्ह्यागणिक आणि जमिनीच्या प्रकारागणिक वेगळं असायचं. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या जिल्ह्यासह जवळजवळ सगळ्या राज्यात ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं झालं. तुझे तीस गुंठे वीसच्या वर आहेत, म्हणून दलाल बिनधास्त आहे. पण कायदा घेणाऱ्याचा तुकडा बघतो तसा मागे उरणाराही बघतो. चाळीसातले तीस गेले की मालकाकडे दहा उरतात. जमीन जिरायती असेल तर ते दहा म्हणजे बेकायदा तुकडा. "विहीर आहे ना, बागायत धरू" असं तो म्हणेल. विहीर वावरात असून भागत नाही, सातबाऱ्यावर लागते. एक तर चाळीस घे, नाही तर वीस घे. दोन्ही बाजूंना वीस-वीस राहिले तर माझ्या टेबलावर कागद नीट लिहिता येतो.

या तुकडेबंदीत सरकारनं अलीकडे बरीच ढील दिली आहे. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी, घरकुलासाठी छोट्या तुकड्याला परवानगी मिळते. शहरी हद्दीतले आणि विकास योजनेच्या क्षेत्रातले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा निर्णयही २०२५ मध्ये झाला. ते ऐकून लोकांना वाटतं, आता सगळं माफ. पण ती माफी जुन्या चुकांना आहे, उद्याच्या चुकीला नाही.

आणि हो, गुंठा आणि आर एकच धरू नकोस. तोंडी व्यवहार एकर-गुंठ्यात होतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचे पैसे देऊन कागदावर चाळीस आर लिहून घेतले, तर पाचशे चौरस फूट हवेत गेले. पाचशे फूट म्हणजे काय, तुझ्या डाळ मिलचा दर्शनी गाळा झाला असता.

आता रोडटच म्हणजे काय ते ऐक. शहराच्या हद्दीबाहेर राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत उभी करता येत नाही, आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा असते, तिथं महामार्गवाल्यांची संमती लागते. समज, रस्त्याची हद्द मध्यापासून तीस मीटरवर संपते आणि तुझी जागा तिथून सुरू होते. म्हणजे पहिले दहा मीटर, तेहेतीस फूट, मोकळेच ठेवायचे. दर्शनी बाजू शंभर फूट असेल तर तीन गुंठे त्यातच गेले. दोनशे फूट असेल तर सहा गुंठे. ज्या रुंद दर्शनी बाजूसाठी तू जास्त भाव मोजतेस, तीच बाजू न बांधता येणारी जागाही जास्त देते. वर महामार्गावरून आत वळायला वेगळी प्रवेश परवानगी लागते, मग पंप असो, ढाबा असो की तुझं गोदाम. ती मिळाली नाही तर तुझी जागा रोडटच राहील, पण ट्रक आत येणार नाही. ट्रकशिवाय डाळ मिलचं काय करशील?

अशा वेळी महामार्गापासून दोन शेतं आत, पण पक्क्या गावरस्त्याला लागून असलेली जागा कितीदा तरी बरी पडते. फक्त तो रस्ता नकाशावर हवा. "सगळे इथूनच जातात हो" म्हणून दाखवलेली पांदण गावनकाशात नसली, तर धुऱ्याच्या भांडणात ती एका रात्रीत नांगरली जाते.

तुकडा लहान झाला की भाव का चढतो, हेही तुला कुणी सांगणार नाही. समज, शेत एकरी चाळीस लाखांना घेतलं. गुंठा एक लाखाला पडला, चौरस फूट बाण्णव रुपयांना. आता त्याचा लेआउट पाडला. रस्ते सोडले, जागा ०.४ हेक्टर किंवा वर असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडली, आणि विकायला साठ टक्के उरली असं धर. तोच चौरस फूट मालकालाच दीडशेच्या वर गेला. त्यात मोजणी, नाल्या, खांब आणि त्याचा नफा. म्हणून प्लॉटचा भाव शेताच्या भावाच्या कितीतरी पट असतो, आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. लबाडी कुठं असते, तर हे काहीच न करता प्लॉटचा भाव लावण्यात.

हे मी कशी शिकले, ते तुला आजवर सांगितलं नाही. आज सांगते. दादाला सांगू नकोस.

आमची भिशी होती ना, सोळा जणींची. एकीला वाटलं, सगळ्या मिळून जागा घेऊ. शहराजवळ दोन एकर मिळाली. ऐंशी गुंठे, सोळा जणी, प्रत्येकीला पाच गुंठे. किती सुंदर भागाकार! जागा दाखवणाऱ्यानं चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, प्रत्येकीच्या चौकोनात एक झेंडू लावला होता. विक्रीपत्र एकच झालं, सातबारा एकच, त्यावर सोळा नावं, सामायिक. आणि अगं, तो कागद मी लिहिला. रोज दुसऱ्यांना सांगणारी मी, स्वतःच्या वेळी झेंडूच्या फुलाकडे बघत राहिले.

तीन वर्षांनी एकीला मुलीच्या लग्नासाठी तिचे पाच गुंठे विकायचे होते. कोणते पाच? कागदावर चौकोनच नव्हता, नुसता हिस्सा होता. घेणारा म्हणाला, मला माझी चतुःसीमा दाखवा. बँकेकडे गेली, बँक म्हणाली, पंधरा जणींच्या सह्या आणा. मग एक मैत्रीण गेली, तिच्या जागी पाच वारस लागले. आता सातबाऱ्यावर वीस नावं आहेत आणि जागेवर बाभळी. आमची भिशी मोडली ती याच्यावरून. पैशाचं मला तेवढं वाटत नाही, पण संक्रांतीला जिच्याकडे पहिलं वाण न्यायचे, ती आता वाटेत दिसली तर मान वळवते. म्हणून सांगते, जागा लहान घे, पण स्वतंत्र घे, मोजलेली घे, चार बाजूंची नावं लिहिलेली घे.

आता कागदाचं. हेच सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तुझ्या जागेच्या बाबतीत तर फारच. स्वस्त जागा दिसली की मी आधी विचारते, स्वस्त का?

केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, घाटंजी हा आपला आदिवासी पट्टा, कोलाम आणि गोंडांची वस्ती. यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्यामागे शासनाची मान्यता लागते. शिवाय अशा गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा खास कायदाच आहे. त्यामुळे आजच्या सातबाऱ्यावरचं आडनाव बघून थांबू नकोस. जुने फेरफार काढ, आधी ती कुणाची होती ते बघ. कधी आदिवासीची असेल तर परवानगीचा आदेश माग, झेरॉक्स नको, नकल माग. आणि आदेश नसेल तर उठ तिथून. अगं, कायद्याची भीती आहेच, पण एखाद्या कोलाम बाईच्या घरातून पोत्याभर ज्वारीवर निघालेलं वावर तुझ्या डाळ मिलखाली असावं, हे तुलाच रुचणार नाही.

दुसरं, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ लिहिलंय की २? वर्ग २ म्हणजे सरकारचा हात अजून त्या जमिनीवर आहे. विकायला परवानगी लागते आणि नजराणा भरावा लागतो. दलाल म्हणेल, "होऊन जाते." होऊन जात असेल तर त्यानं करून आणावं, मग आपण इसार देऊ. तिसरं, भूदान. पवनारचा आश्रम आपल्या शेजारीच, विनोबांना या भागात खूप जमीन मिळाली आणि ती भूमिहीनांना वाटली गेली. भूदानाची जमीन विकण्यासाठी नसते. तसा शेरा इतर हक्कांत असतो आणि लोक इतर हक्कांचा रकानाच वाचत नाहीत. तो रकाना आधी वाचायचा. बँकेचा बोजा तिथं, कुळ तिथं, विहिरीतला वाटा तिथं. शहरात गाळा बघशील तर नझूल आहे का विचार. विदर्भातल्या शहरांत नझूलच्या जागा बऱ्याच आहेत. तिथं विकणाऱ्याकडे बहुधा मालकी नसते, भाडेपट्टा असतो.

आमचे जावई, म्हणजे तुझे यजमान, म्हणत होते, नदीपलीकडे हदगावकडेही एक जागा बघितली. बघा खुशाल. पण पैनगंगा ओलांडली की नुसता भाव बदलत नाही, कायदाही बदलतो. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा, मराठवाड्याचा हैदराबाद राज्याच्या वेळचा १९५० चा, पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा. पुण्याच्या वकिलानं त्यांच्याकडचं कलम सांगितलं तर ते आपल्याकडे तसंच्या तसं लागत नाही. जुन्या कागदांचंही तेच. वर्धा नदीपलीकडे मालगुजारी होती, अलीकडे वऱ्हाडात रयतवारी. आजोबांच्या वेळचे कागद एकाच भाषेत असूनही वेगळं बोलतात. भाव विचारायला दलाल पुरे, पण कागद वाचायला त्या भागातलाच माणूस लागतो.

एमआयडीसीचाही विचार करून बघ. तिथं जागा विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते. मुदतीत बांधकाम करावं लागतं, आणि पुढे दुसऱ्याला द्यायची तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क. तुला वाटेल, मग आपलं काय? पण रस्ता, वीज, पाणी, अकृषिकची कटकट नाही. ज्याला माल काढायचाय त्यानं ते बघावं. ज्याला जागा धरून भाव वाढायची वाट बघायची आहे, त्याचं काम तिथं नाही. तू कोण आहेस, ते आधी ठरव.

आता भाव विचारलास तर तो कसा शोधायचा ते सांगते. चहाच्या टपरीवरचा भाव नेहमी विकायला निघालेल्याचा असतो, विकून बसलेल्याचा नाही. खरा भाव नोंदवलेल्या दस्तात असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव टाकून सूची क्रमांक दोन बघता येते. गेल्या तीन वर्षांत त्या गावात काय काय विकलं गेलं ते काढ. तीस गुंठ्यांच्या भावाशी दहा एकरांचा भाव लावू नकोस, मोठा तुकडा एकरी स्वस्तच जातो. रोडटचशी रोडटच लाव, वर्ग १ शी वर्ग १. मग वार्षिक मूल्यदर तक्ता बघ. तो दर सरकारचा, दर वर्षी १ एप्रिलला लागतो. २०२५ मध्ये राज्यात ग्रामीण भागात तो सरासरी ३.३६ टक्क्यांनी वाढला आणि नगरपरिषदांच्या हद्दीत ४.९७ टक्क्यांनी. हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे फरक पडतो तो असा. मुद्रांक शुल्क तुझी किंमत आणि तक्त्याची किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बाईच्या नावावर एक टक्का सूट मिळते ती राहत्या घराला, शेताला किंवा गाळ्याला नाही. दलालानं ती सूट हिशेबात धरली असेल तर खोडून टाक.

आणि आता नाजूक गोष्ट. तो म्हणाला ना, "अर्धे वर, अर्धे खाली"? मला ठाऊक आहे, सगळे करतात म्हणून तुलाही वाटतं, शुल्क वाचेल. पण कागदावर कमी लिहिलेला भाव तुझ्या एकटीचा राहत नाही. उद्या गावातून रस्ता, कालवा गेला, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्य काढताना आसपासच्या तशाच जमिनींची गेल्या तीन वर्षांची खरेदीखतं बघतात. त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात आणि मोबदला त्यावर उभा राहतो. शंभर टक्के दिलासा रक्कमही त्याच आकड्यावर. म्हणजे तू आज चार पैसे वाचवायला भाव लपवलास, तर उद्या शेजारणीच्या वावराला कमी मोबदला मिळेल, आणि तुझ्याही. आपल्या भागात "सरकारनं मातीमोल भावानं घेतली" म्हणून रडणारे खूप बघितले. त्यातले कितीक तरी स्वतःच्याच सहीनं गावाचा भाव पाडून बसले होते. आणि व्यवहार फिसकटला तर खाली दिलेले अर्धे परत मागायला कुठला कागद दाखवशील?

बाबांच्या वावराचे पैसे आलेत, त्यावर कर लागेल का असंही तू विचारत होतीस. दारव्ह्यासारख्या, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या बाहेर असलेली शेतजमीन भांडवली नफ्याच्या करात येत नाही. यवतमाळसारख्या लाखाच्या वरच्या शहराला हेच अंतर सहा किलोमीटर. आपलं वावर बरंच आत होतं, तरी अंतराचा दाखला काढून ठेव. कागद गरज पडायच्या आधी काढावा, नंतर त्याची किंमत वाढते.

बाबांच्या वावरावरून आठवलं. दादानं हक्कसोडाचा कागद आणला तेव्हा तू सही केली नाहीस, म्हणून आज तुझ्या हातात हे पैसे आहेत. मी केली होती. साडी मिळाली मला, मोरपंखी. तेव्हा वाटलं, भावाशी काय हिशेब. माझ्या टेबलावर रोज बहिणी तसा कागद घेऊन येतात, मी लिहूनही देते, पण हल्ली सही घ्यायच्या आधी विचारते, "बाई, वाचला का?" मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आपल्या राज्यात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. तू वाटा घेतलास म्हणून दोन दिवाळ्या कुणी बोललं नाही तुझ्याशी, ते मी बघितलं. मीही गप्प बसले होते, त्याची लाज वाटते. म्हणून हे पैसे वाया गेलेले मला बघवणार नाहीत. आणि जागा घेशील ती स्वतःच्या नावावर घे. जावई सोन्यासारखे आहेत, तरी तुझं नाव पहिलं असू दे.

तर उद्या काय करशील? दलालाला सांग, सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार दे, तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेते, मोजणीचा अर्ज टाकते, पेपरात जाहीर सूचना देते. जो खरा विकणारा आहे तो म्हणेल, "करा बाई." जो घाई करेल त्यानं स्वतःच उत्तर दिलं. इसार द्यायचा तो बँकेतून, थोडा, आणि इसारचिठ्ठीत लिहून की कागद साफ नसले तर परत. विक्रीपत्र झालं की फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत पेढे वाटायचे नाहीत.

आणि कागद साफ निघाले, तर एकदा माती बघायला जा. तूर-कपाशीला सोन्यासारखी असलेली आपली काळी माती बांधकामाला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. काळीत मिल उभी करायची तर खोल पाया आणि ट्रकच्या ट्रक मुरूम. तुझ्या त्या तीस गुंठ्यांचा भाव काळ्या मातीचा लावलाय. तो कपाशी पेरणाऱ्याला ठीक. तुला कशाला?

आठवतं, आपल्या वावराच्या वरच्या अंगाला एक बरडाचा तुकडा होता? बाबा त्याला शिव्या घालायचे. काही उगवत नाही म्हणून जो येईल त्याला तोच दाखवायचे, आणि घेणारा कुणी मिळाला नाही. तुला तसला बरड हवाय बघ. मुरमाचा, जरा उंचावरचा, पाणी न थांबणारा. शेतकरी ज्याला नाक मुरडतो आणि म्हणून ज्याचा भाव अजून चढलेला नाही, असा कुठं मिळतो का, ते त्या दलालाला विचार. रविवारी मी येतेच. दोघी मिळून फिरू. चपला जुन्या घाल, आणि डब्यात थोडी ठेचा-भाकर घे.